शिवण बाहेरच्या बाजूला

चौथा मोजा निघाला तेव्हा उन्नतीला हसू आवरेना.

“काका, हा पाय आहे का कांदा?”

नारू तांडेलही हसला, पण पाचवा मोजा काढताना त्याचा हात जरा हळू झाला. डहाणूच्या एका शाळेच्या हॉलमध्ये कृत्रिम पायांचं शिबिर भरलं होतं. झाईहून पहिल्या एस.टी.ने सून मयुरा त्याला घेऊन आली होती आणि आता बाहेर चहा आणायला गेली होती. बाकावर नारूच्या शेजारी मोज्यांचा ढीग साठत होता. मोजे म्हणजे दुकानातले नव्हेत. जुन्या बनियनच्या कापडाच्या, एका टोकाला बंद केलेल्या लांबट पिशव्याच त्या. ओळखायला प्रत्येकाच्या काठावर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा टाका. लाल टाक्याचा अगदी आतला. तो सातवा निघाला आणि गुडघ्याखाली वीतभर उरलेला पाय उघडा पडला. नडगीच्या हाडावर रुपयाएवढी जखम होती.

उन्नतीचं हसू मावळलं. घोलवडची ही पोर सहा वर्षं पायांची मापं घेत होती, तिला फार विचारावं लागत नसे. टेपेने घेर घेत ती म्हणाली की जुना पाय कधीचाच सैल झालाय, सात मोजे घालूनही आत हलतो, म्हणून हाड घासतं. कासाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हेच जरा कडक शब्दांत सांगितलं होतं. जखम हाडाला लागली तर गुडघाही जाईल. त्या धाकाने नारू इथवर आला होता, एरवी दहा माणसांनी ओढला असता तरी हलला नसता.

“नवीन पाय अगदी मापात बसेल,” उन्नती म्हणाली. “त्याच्याबरोबर एक मोजा आम्हीच देऊ. हे सगळे आता टाकून द्या.”

नारूने मान डोलावली. पण ‘टाकून द्या’ हे काही त्याच्या घशाखाली उतरलं नाही.

बारा वर्षांपूर्वी खोल पाण्यात जाळं ओढताना यंत्राच्या दोरात त्याचा पाय सापडला होता. होडी किनाऱ्याला लागेपर्यंत पायाचं जे व्हायचं ते होऊन गेलं. पुढे अशाच एका शिबिरात पाय मिळाला. त्याच्यासोबत मिळालेले दोन लोकरीचे मोजे वर्षभरात विरले, तेव्हा त्याच्या बायकोने, हिरकणीने, त्याचं जुनं बनियन कापून पहिला मोजा शिवला. तो घालून नारू दिवसभर हिंडला आणि संध्याकाळी ओट्यावर बसला. हिरकणीने मोजा उतरवला तर कातडीवर शिवणीचा लाल वळ उठलेला. तिने मोजा तिथल्या तिथे उलटा केला.

“शिवण बाहेर दिसतेय,” नारू म्हणाला.

“दिसू दे. लोकाना दिसली तर दिसली, तुला टोचायला नको.”

पाय वर्षावर्षाला बारीक होत गेला, तसा ती एकेक मोजा वाढवत गेली. सुक्या मासळीचा तिचा धंदा, त्यामुळे उपमाही तिला घरचीच सुचायची. बोंबील वाळतो तर तुझा पाय का नाय वाळणार, म्हणायची. नारू चिडायचा, ती आणखी चिडवायची. सकाळी तो पाय पुढे करून बसे आणि ती लाल, हिरवा, पिवळा अशी रंगांची नावं घेत एकेक मोजा चढवी. जांभळ्या दोऱ्याचा सातवा तिने शिवला तेव्हा डोळ्यांनी दगा दिला होता, टाके खेकड्यासारखे तिरपे गेले होते.

पाय मिळाला त्या वर्षापासून तो तिच्याबरोबर तलासरीच्या बाजाराला जायला निघे. घर ते नाका, वीस मिनिटांची वाट. हिरकणीची चाल म्हणजे वारा. पण निम्म्या वाटेवर चिंचेचं झाड आलं की ती डोक्यावरची टोपली उतरवायची, “ओझं फार झालं” म्हणायची आणि टोपलीखालची चुंबळ झटकत उभी राहायची. तेवढ्यात नारूला दम खायला मिळे. बायको थकली म्हणून त्याला वाईटही वाटे. मग एकदा परत येताना त्याच्या ध्यानात आलं की मासळी सगळी विकली गेलीय, टोपली रिकामी आहे, आणि तरी हिरकणी चिंचेखाली टोपली उतरवून मान चोळत उभी आहे. तोही तिच्या शेजारी बुंध्याला टेकला. पुढची आठ वर्षं दोघं जाता-येता तिथे थांबत राहिली.

दोन वर्षांपूर्वी होळीच्या आदल्या दिवशी हिरकणीच्या छातीत दुखलं आणि तासाभरात ती गेली. पाय मात्र वाळायचा थांबला नाही. आठवा मोजा हवा होता, तो शिवणारी नव्हती. मयुरा म्हणाली, मी मशीनवर शिवून देते. मुलगा जतीन वापीहून तयार मोज्यांचं पाकीट घेऊन आला. नारूने दोघांनाही नको म्हटलं, आणि मग घासून घासून जखम झाली. आता हे डॉक्टरला काय सांगायचं?

उन्नतीने जखमेवर पट्टी लावली आणि पायावर नळीसारखं पांढरं सुती कापड चढवलं. यावर प्लॅस्टर गुंडाळून साचा घ्यायचा, तो साचा म्हणजेच नवीन पायाचं माप. कोमट पाणी आणायला ती वळली. नारूने दाराकडे पाहिलं, ढिगातला लाल टाक्याचा मोजा उचलला, पांढरं कापड खाली ओढून मोजा पायावर चढवला आणि कापड पुन्हा वर ओढून घेतलं. चौसष्ट वर्षांच्या तांडेलाने, ज्याच्या शब्दावर एके काळी आठ खलाशी होडी वळवत, शाळेच्या हॉलमध्ये शाळकरी पोरासारखी लबाडी केली.

उन्नती बादली घेऊन आली. ओल्या पट्ट्या गुंडाळून ती बोटांनी दाबत गेली. एका जागी तिची बोटं क्षणभर थांबली. नारूने भिंतीवरच्या पाढ्यांकडे नजर लावली. बोटं पुन्हा चालू झाली. साचा सुकल्यावर तो उतरवून ठेवायला ती वळली, तेवढ्यात नारूने मोजा काढून खिशात टाकला. जखम भरेपर्यंत जुना पाय घालायचा नाही, कुबड्या वापरायच्या, एवढंच ती निघताना म्हणाली.

महिन्याने तो पुन्हा आला तेव्हा जखम भरली होती. नवीन पाय हलका, गुळगुळीत होता. उन्नतीने दिलेला मोजा घालून नारूने तो चढवला, उभा राहिला. पाय किंचित सैल होता. आपल्या लबाडीपायी पाय वाया गेला की काय? मयुरा समोरच उभी होती.

उन्नती पायाकडे पाहत नव्हती, त्याच्याकडे पाहत होती.

“काका, लाल दोऱ्यावाला आणलाय ना?”

नारूने खिशात हात घातला. मोजा खिशातच होता, पण हात बाहेर येईना.

“तुला कवा कळलं?”

“त्याच दिवशी. शिवण हाताला लागली. आत असती तर कळलंही नसतं.”

“मंग काढायला का नाय सांगितलं, बेन?”

“तुम्ही श्वास धरून बसला होता.” उन्नतीने नवीन पायाचा पट्टा सोडून तो उतरवला. “एका मोज्याची जागा जास्त राहिली तर पायाचं काही बिघडत नाही. आमच्या मोज्याखाली घाला तो. पण काका, कधीतरी विरणार तो. तेव्हा हट्ट करून जखम करून घ्यायची नाही.”

नारूने मोजा पायावर चढवला, त्यावर उन्नतीचा, त्यावर नवीन पाय. पट्टा आवळून तो उभा राहिला. पाय जमिनीला असा भिडला, जसा बारा वर्षांत भिडला नव्हता. त्याचे डोळे भरून आले, ते त्याने लपवलेही नाहीत.

“मयुरा,” तो म्हणाला, “पुढचा तू शिव. फक्त शिवण बाहेर ठेव.”

झाईच्या नाक्यावर एस.टी.तून उतरल्यावर तो चालू लागला तो थेट पुढे. मागून पिशव्या घेऊन येणाऱ्या मयुराची धांदल उडाली, बाबा जरा हळू, म्हणत ती जवळजवळ पळत होती. पायात ना कळ होती ना डुगडुग. दम तर लागलाच नव्हता. या चालीने घर दहा मिनिटांत आलं असतं.

चिंचेखाली येऊन नारू थांबला.

मयुरा घाबरून पुढे आली. “काय झालं बाबा? दुखतंय का?”

“नाय गं. हितं थांबायचं असतं.”

टोपली उतरवून, चुंबळ झटकून ती पुन्हा डोक्यावर घ्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ तो उभा राहिला. मग घराकडे निघाला.