लाल गाडीवरून मी दोनदा पडलो

मित्रांनो, मी एक जुना लोहचुंबक आहे. बिघडलेल्या स्पीकरच्या पोटातून एका मिस्त्रींनी मला बाहेर काढले. गाडीच्या रंगावर ओरखडा उठू नये म्हणून त्यांनी मला फडक्यात शिवले आणि खिशात टाकले. माझे काम सोपे. पत्रा खरा असेल तर मी घट्ट चिकटतो. ठोकर बसलेल्या जागी पुट्टी भरून वर रंग मारला असेल, तर घसरून पडतो.

ऐन उमेदीत माझे फार कौतुक झाले. पुढे गॅरेजात रंगाची जाडी मोजणारे यंत्र आले आणि मी लोखंडी कपाटावर कॅलेंडर धरून बसलो. चार वर्षे कुणी माझ्याकडे वळूनही पाहिले नाही.

एकदा यंत्र दुरुस्तीला गेले असताना मिस्त्रींच्या मुलीचा फोन आला. जावईबापूंना एक लाल, वेगवान, वापरलेली गाडी आवडली होती. "बाबा, हे पार वेडे झालेत. तुम्ही एकदा बघाच." मिस्त्रींनी मला कपाटावरून काढून खिशात टाकले.

थंड इंजिन सुरू करतानाच त्याचे दुखणे कळते, म्हणून आम्ही येईपर्यंत ते सुरू करू नका, असे मिस्त्रींनी विकणाऱ्याला बजावले होते. गेल्या गेल्या त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. बॉनेट गरम होते.

"आत्ताच धुवून आणली," विकणारा हसून म्हणाला.

"धुतली? मग चाकांवर धूळ कशी?"

मिस्त्री खाली वाकले. मागच्या उजव्या टायरची आतली कड पार गुळगुळीत झाली होती. डाव्याची नव्हती. म्हणजे ते चाक वाकडे चालत होते.

"बाबा, तुम्हाला सगळ्यांचाच संशय येतो!" जावईबापू चिडले.

मिस्त्रींनी मला जावईबापूंच्या हातात ठेवले. "तुम्हीच लावून बघा."

दारावर मी चिकटलो. छतावर चिकटलो. जावईबापूंचा चेहरा खुलला. मागच्या उजव्या चाकाच्या वर मात्र मला काही धरताच येईना. मी फरशीवर पडलो. त्यांनी उचलून पुन्हा लावले, पुन्हा पडलो. डिकीतला गालिचा वर केला, तर वेल्डिंगचा ओबडधोबड सांधा. मागचा अख्खा भाग दुसऱ्या गाडीचा जोडलेला होता.

"यात माझ्या लेकीला बसवून दीडशेने पळवणार होतात," मिस्त्री एवढेच म्हणाले.

"नको तर सोडा," विकणारा गुरकावला. "दुसरं गिऱ्हाईक येतंच आहे."

"चला, सुटलो," म्हणत मिस्त्री निघाले. जावईबापू मात्र मला हातात घेऊन फाटकाबाहेर थांबून राहिले. थोड्या वेळाने तीच गाडी बघायला दोघी बहिणी आल्या. जावईबापूंनी मला पुढे केले. "ताई, हे मागच्या उजव्या चाकाच्या वर लावा, मग काय ते ठरवा."

थोरलीने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "गाडी तुम्हालाच हवी असेल. म्हणून घाबरवताय ना आम्हाला?"

जावईबापू कानकोंडे झाले. "माझं ऐकूच नका. फक्त लावून बघा."

धाकटीने मला घेतले. दहा मिनिटांत दोघी बाहेर आल्या. थोरलीने मला परत दिले आणि हळूच विचारले, "हा कुठे मिळतो हो?"

मित्रांनो, आपटल्याने आणि तापल्याने आमची ओढ कमी होते. माझा एखादा भाऊबंद तुमच्या घरात असेल तर त्याला जपा. आणि घरचे कुणी चकचकीत रंगावर भाळलेच, तर त्याचा राग पत्करा, पण त्याला गाडीखाली वाकून बघायला लावा.