लाकडातलं पातं

माझी धाकटी बहीण सनिया लग्न होऊन पोर्टसईदला गेली ते साल एकोणीसशे पंचाहत्तर. तिच्या मेहंदीचा रंग अजून उतरला नव्हता, तेव्हा माझा नवरा मुस्अद गेला. आरकेतवर बसलेला होता, पाय पायडलवर होते आणि डोकं हळूच फळीवर टेकलं. मला वाटलं, रेघ नीट दिसत नाही म्हणून वाकलाय.

नाईलकाठच्या आमच्या दुमियातमध्ये बारीक पात्याच्या नक्षीच्या करवतीला आरकेत म्हणतात. आमची आरकेत सासऱ्यांनी शिवणयंत्राच्या जुन्या सांगाड्यावर बसवलेली होती. पलंगाच्या डोक्याशी, आरशावर, कपाटाच्या माथ्यावर जे जाळीदार मुकुट बसतात ते मुस्अद त्यावर कापायचा. तो गेला तेव्हा चार फळ्या बारीक खिळ्यांनी एकत्र ठोकलेल्या होत्या. बिदेवी सुताराकडच्या एका नवरीच्या खोलीसाठी चार सारखे मुकुट हवे होते, म्हणून चारी एकदम कापायला घेतलेले. आतली जाळी कापायची तर आधी भोक पाडायचं, पातं एका टोकाने सोडवून भोकातून ओवायचं आणि पुन्हा चापात आवळायचं. मग पातं लाकडात अडकतं आणि लाकूड यंत्रात. मुस्अदला उचलून नेलं, पण ते पातं तसंच राहिलं.

सासऱ्यांचा एक नियम होता आणि तो आमच्या गल्लीतल्या सगळ्या कारखान्यांना ठाऊक होता. ज्याचं पातं लाकडात, त्याच्या यंत्राला दुसऱ्याने हात लावायचा नाही. घर जळत असलं तरी नाही.

मुस्अदच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणानंतर माझे मोठे दीर तोल्बा सासूजवळ बसले. मी चहा घेऊन आले तेव्हा बोलणं चाललंच होतं.

"इद्दत संपली की वहिनीला गावी नेतो. माझी बायको अंथरुणाला खिळलीय, सहा पोरं आहेत. घरात बाई हवी. आरकेतला गिऱ्हाईक बघून ठेवलंय."

"आणि मी?" सासूने विचारलं.

"तूही चल की, अम्मा."

"तुझ्या बायकोने मागच्या ईदला मला कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी झोपवलं होतं. रात्रभर कोंबडा माझ्या कानात बांग देत होता. मला वाटलं कयामत आली."

तोल्बा हसले. मला हसू आलं नाही. विधवेच्या इद्दतीचे चार महिने दहा दिवस उंबऱ्याच्या आत राहायचं आणि मग एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात. माझं वय चौतीस. मूलबाळ नव्हतं. अक्षर येत नव्हतं. माहेरी आता कोणी नव्हतं.

त्याच आठवड्यात मी यंत्रावर बसले. बारा वर्षं नवऱ्याला फळ्या धरून दिल्या होत्या, पात्याला मेण लावून दिलं होतं. मनात आलं, हे चार मुकुट पुरे करून बिदेवीकडे पाठवले तर तोल्बाला दाखवता येईल की ही बाई पोट भरू शकते. पहिल्या दहा फेऱ्यांतच मुस्अदचं पातं तुटलं.

आतल्या खोलीतून सासू म्हणाली, "ढकलू नकोस."

तिचं नाव नबविया. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, भिंतीपर्यंतही दिसत नव्हतं. पण चाळीस वर्षं त्या भिंतीपलीकडे आधी नवऱ्याची आणि मग मुलाची करवत तिने ऐकली होती.

"लाकूड ढकलायचं नसतं, पोरी. म्हाताऱ्याला घास भरवतो तसं द्यायचं. तो गिळेपर्यंत थांबायचं."

"तुम्हाला चालेल का, अम्मा? सुतकाच्या घरात आवाज?"

"शिवणयंत्रासारखाच आवाज आहे. कोणी विचारलं तर शिवतेय म्हणेन."

शेजारच्या दौलतने विचारलंच. "इतकं काय शिवते गं तुझी सून? जहाजाचं शीड?"

"तुझ्या तोंडाला पिशवी शिवतेय," सासू म्हणाली.

नव्या पात्यांची एक पुडी होती, त्यात बारा. बाहेर जाऊन आणायची सोय नव्हती आणि दुसऱ्याला सांगावं तर बोभाटा झाला असता. म्हणून ती बाराच. पातं तुटायचं आणि आतून आवाज यायचा, "गेलं?" मी म्हणायची, "गेलं." कधी तुटायच्या आधीच ती ओरडायची, "थांब, किंचाळतंय ते!" आणि खरंच, हात लावला तर पातं चटका बसेल इतकं तापलेलं असायचं. तिने मला कधी शाबास म्हटलं नाही. एकदा पूर्ण वेल न तुटता उतरली, तेव्हा इतकंच म्हणाली, "आज घेवड्याची उसळ कोरडी झालीय, तेल घाल."

दिवस मोजायला मुस्अद गेला तेव्हापासून मी एका डब्यात रोज घेवड्याचा एक दाणा टाकत होते. तीस दाण्यांचा महिना, असे चार, वर दहा, म्हणजे एकशेतीस. खिडक्यांच्या झडपा बंद असायच्या. बाहेर नदीवर होड्यांचे भोंगे वाजायचे. मला फक्त झडपेच्या फटीतून पडलेली उन्हाची पट्टी दिसायची, ती सकाळी भिंतीवर असायची आणि दुपार कलून असरची बांग होईपर्यंत यंत्राच्या चाकावर यायची. त्या पट्टीत भुसा उडायचा, तोही खोलीबाहेर जायचा नाही. माझ्या केसांत, भाकरीत, पाण्यात तोच.

एकशेवीस दाणे झाले तेव्हा हातात शेवटचं पातं होतं आणि जाळीतली सात भोकं राहिली होती. पातं जपून वापरलं तर दहा दिवस पुरेसे होते. मी घाई करू लागले.

"हळू," सासू म्हणायची. "शेवटचं आहे."

"दिवस थोडे आहेत, अम्मा."

"किती दाणे झाले?"

मी सांगितलं. तिने कूस बदलली.

एकशेअठ्ठावीस दाणे होते त्या सकाळी हातगाडी दारात लागली. तोल्बा आत आले, मागे गिऱ्हाईक.

"अजून दोन दिवस आहेत," मी म्हणाले.

"कुठले दोन दिवस, वहिनी? काल सूर्य मावळताच, मगरिबला, इद्दत सुटली. शेखला विचारून आलोय. चार महिन्यांतले दोन एकोणतीसचे होते. तू काय, कारकुनाच्या पगाराचे महिने मोजलेस?"

इद्दत चंद्रावर चालते हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण बंद झडपांआड चंद्र कुठून दिसणार? शेवटची दोन भोकं राहिली होती. पातं सहाव्या भोकात ओवलेलं, अर्ध्या वळणावर.

गिऱ्हाईकाने सांगाड्याला हात घातला आणि पातं बघून हात मागे घेतला. "पातं आत आहे."

"मुस्अदचं आहे ते," तोल्बा म्हणाले. "मेलेल्याचा नियम मेलेल्याबरोबर. मी काढतो."

आतून सासू भिंत चाचपत आली. कधी नव्हे ती भराभर चालली. फळी सापडली, बोटाने पातं चाचपलं.

"मुस्अदचं चाळिसाव्यानंतरच तुटलं. हे हिचं आहे. बारावं. मी मोजलीत."

"अम्मा, बाईमाणसाचं पातं—"

"तुझ्या बापाने नियम केला तेव्हा बाप्याचं म्हणाला होता का बाईचं? गिऱ्हाईकदादा, तूच सांग. तू असतास तर उचललं असतंस?"

गिऱ्हाईक बिचारा चपला शोधू लागला. "हे काम होऊ दे, मग बघू, हाजी तोल्बा." तोल्बांनी रिकामी हातगाडी वळवली.

तेव्हा मला समजलं की माझा हिशेब बरोबर असता, काम वेळेवर संपलं असतं, तर पातं चापातून सुटलेलं असतं आणि यंत्र गेलं असतं. सासूला चंद्र ठाऊक होता. मशिदीतली चंद्र दिसल्याची प्रत्येक घोषणा तिच्या कानावर येत होती. ती मला हळू म्हणत होती.

मुकुट बिदेवीने घेतले, पुढचं काम दिलं. त्या दिवसापासून पातं कधीच मोकळं ठेवायचं नाही असं ठरलं. एक जाळी पुरी झाली की लगेच दुसऱ्या फळीला भोक पाडून पातं ओवायचं, मगच जेवायचं. रात्रीची इशाची नमाज झाली की सासू येऊन बोटाने बघायची. "आत आहे." मग झोपायची.

दोन वर्षांनी सनियाला पहिला मुलगा झाला. सातव्या दिवसाच्या सुबूअला, म्हणजे बारशाला, तिने बोलावलं. मी म्हणाले, "अम्मा, आठ दिवस जाऊन येऊ?"

"जा की. दौलत मला भाकरी देईल. पण फळी बिदेवीची आहे, त्याला परवा हवी. ती देऊन, पातं काढून जा."

मी गेले नाही. तिच्या दुसऱ्या मुलालाही नाही, मुलीलाही नाही. फळी मागून फळी येत राहिली. नवऱ्यामुलींच्या खोल्या सजत राहिल्या आणि मी त्यांतली एकही पाहिली नाही. कधी पाय पायडलवरून उचलावासा वाटे. पण यंत्र गेलं तर मी तोल्बाच्या पोरांची मोलकरीण होईन, आणि मी गेले तर म्हातारी कोंबड्यांशेजारी. दोघींनी एकमेकींना धरून ठेवलं होतं. प्रेम होतं का, हे मी सांगू शकत नाही. मी तिची नखं कापायची, आणि ती माझं पातं तुटायच्या आधी ओरडायची.

चौदा वर्षं अशी गेली.

तिच्या मयतीला तोल्बा काठी टेकत आले. लोक गेल्यावर ते यंत्रापाशी थांबले. पातं फळीत होतं. मी चापावर हात ठेवून उभी राहिले.

"तू अजून ह्याच धुडावर कापतेस, वहिनी? सगळीकडे विजेची आलीत."

"हे न्यायला आलात का?"

"हे?" त्यांनी काठीने चाक हलवलं. "भंगारवालासुद्धा घेणार नाही. गिऱ्हाईक तर केव्हाच फिरला. मी अम्माला तेव्हाच सांगितलं होतं, राहू दे, वहिनीला वापरू दे. तिने सांगितलं नाही तुला?"

"कोणत्या साली?"

"सनियाला मुलगा झाला ना, त्याच्या आधीच्या ईदला."

ते गेल्यावर मी चाप सैल केला. पातं वर ओढून काढलं. फळी हातात आली, जाळी अर्धी. ती तशीच बिदेवीच्या मुलाकडे पाठवून दिली आणि दुसऱ्या सकाळी पोर्टसईदच्या गाडीत बसले.

पुढे मी बायकांच्या वर्गात अक्षरं शिकले. आता भिंतीवरच्या कॅलेंडरातले दोन्ही महिने वाचता येतात, चंद्राचे आणि सरकारचे. माझी सासू नबविया गुरुवारी, नऊ फेब्रुवारी एकोणीसशे एकोणनव्वद रोजी, रजब नुकताच लागला असताना, झोपेत वारली.