तोच क्रमांक

आमच्या धाकट्या भावाला काय मिळणार होतं ते आधी सांगतो: संदेशांचे नियम ठरवणाऱ्या समितीत खुर्ची. अट एकच. त्याच्या सेतूने तीन महिने कुठल्याही संदेशात काडीचाही बदल करायचा नाही.

सेतू म्हणजे त्याचा प्रोग्राम. मधमाशा पाळणारी निम्मी मंडळी ईमेलवर, निम्मी न्यूजग्रुप नावाच्या जुन्या ऑनलाइन चर्चाफळ्यावर. इकडचं तिकडे पोचवायचं. दोन्हीकडे संदेशाचा साचा जवळपास सारखाच. फरक प्रत्येक संदेशावरच्या ओळख-क्रमांकाचा. तोच क्रमांक पुन्हा आला तर ईमेल मुकाट्याने संदेश घेतं. न्यूजग्रुप ‘हा येऊन गेला’ म्हणून फेकून देतो.

ईमेलवरच्या एका मावशींनी पोळ्यांच्या जुन्या चौकटी विकायला काढल्या. ते दोन्हीकडे पोचलं. न्यूजग्रुपवर वाचून आमच्या ताईने चाळीस घेतल्या. आठवड्याने मावशींच्या पेट्यांत सड, म्हणजे अळ्या कुजवणारा साथीचा रोग, निघाली. त्यांनी घाईत जुनाच संदेश उघडला, मजकूर बदलला आणि पाठवला: चौकटी वापरू नका, जाळून टाका. क्रमांक मात्र जुनाच राहिला. ईमेलवाल्यांनी चौकटी जाळल्या. न्यूजग्रुपवाल्यांना पत्ताच नाही.

ताईने मला बोलावलं तेव्हा पेटीचं झाकण उघडलं होतं. खळ उकळून नासल्यासारखा वास. तिने पोळ्याच्या एका घरात काडी घातली. सडलेल्या अळीची तपकिरी तार काडीबरोबर लांबत आली. मागे धाकटा नाकाला रुमाल लावून उभा.

“तुला कधी कळलं?” ताईने विचारलं.

“सेतूच्या लॉगमध्ये नोंद दिसली. एकोणीस दिवस झाले.”

“वाचलं होतंस?”

“वाचलं ना. पण ताई, नवा क्रमांक घातला की तो मूळ संदेश राहत नाही.”

“मग वेगळी चिठ्ठी टाकायचीस, तुझ्या नावाने.”

“म्हणजे माझा सेतू अडला हे मीच समितीला सांगायचं? आणि चौकटी तू घेतल्यास हे मला काय ठाऊक?”

“दुसऱ्या कुणाच्या माशा असत्या तर चाललं असतं, असंच ना?”

तो जरा मागे सरकला. “वास फार येतोय गं.”

“पेटीचा म्हणतोस?” ताई म्हणाली, आणि काडी खड्ड्यात टाकली.

त्याच खड्ड्यात संध्याकाळी पेट्या जाळल्या; वास लागला म्हणून धाकट्याने रुमालही त्यातच टाकला. समितीचं पत्र पुढच्या महिन्यात आलं. त्यात सेतूच्या निर्दोष कामाचं कौतुक होतं.

तर नुकसानीचा हिशेब असा. ताईच्या अकरा पेट्या, माशांसकट. न्यूजग्रुपवरची मावशींची पत. धाकट्याचा एक रुमाल, तोही ताईनेच दिलेला.