माझा घाम कुणी बंद केला?

मी माठ बोलतोय. नवीन जालन्यात हरिओमच्या घराच्या गेटपाशी जो रंगीबेरंगी माठ दिसतो ना, पोटावर 'वीज वाचवा' लिहिलेला, तोच मी. माझ्या डोक्यावरचा दिवा भरदुपारी जळतोय. तो बंद करायला घरात कुणाला सवड नाही, आणि मला हात नाहीत. येणारे-जाणारे थांबून म्हणतात, "काय सुंदर माठ!" तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तळपाय नाहीत मला, बूड आहे; पण आग खरी आहे.

सुंदर दिसणं हे माठाचं काम नाही. माठाचं काम पाझरणं. जुन्या जालन्यातल्या कचरू कुंभाराने मला घडवलं तेव्हा मातीत लीद आणि राख कालवली होती. भट्टीत लीद जळून गेली आणि तिच्या जागी डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वाटा उरल्या. त्या वाटांनी पाणी बाहेर झिरपतं, त्याला वारा लागतो, आतलं पाणी गार होतं. प्लग नको, बटण नको. तो घाम हेच माझं सगळं भांडवल.

हरिओमची आई द्वारकाबाई. तिनेच मला बोटाने वाजवून पारखलं आणि रिक्षात मांडीवर धरून घरी आणलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत तिवईवर मला बसवलं. त्या चैत्रात सगळं घर माझ्याभोवती फिरायचं. फ्रीजमधल्या बाटल्या तशाच पडून राहायच्या. हरिओम एकदा म्हणाला सुद्धा, "आई, उन्हाळाभर फ्रीज बंदच ठेवावा म्हणतो." मी खुशीने आणखी पाझरलो. तिवईखाली ओल आली म्हणून कुणी रागावलं नाही.

मग कॉलनीत वीज बचत सप्ताह आला आणि माझं वाटोळं झालं.

वीज कशी वाचवता ते घरोघरी सजवून दाखवायची स्पर्धा होती. सून तृप्ती हौशी, हात फार चांगला. गेट रंगवून उरलेला ऑइलपेंट तिने काढला आणि मला पुढ्यात घेतलं. सूर्य काढला, वेल काढली, अक्षरं काढली. मला पालथं घालून बूडसुद्धा सोडलं नाही. वर चमक यावी म्हणून पुन्हा एक हात. मी आतल्या आत ओरडत होतो. बाई, माझं नाक-तोंड बुजवतेस तू! ऐकतो कोण? तृप्तीवर माझा तेवढा राग नाही, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. राग आहे तो द्वारकाबाईवर. तिचा जन्म माठाचं पाणी पिण्यात गेला. ती शेजारी बसून गवार मोडत होती, आणि म्हणाली काय?

"लय भारी काढलंस गं. माह्या माठाला पैठणी नेसवली बघ."

स्पर्धेचे पाहुणे बघायला आले तेव्हा हरिओमने फ्रीजचा प्लग काढला. माझ्याशेजारी सगळे हसत उभे राहिले, फोटो निघाला, पहिला नंबर आला. पाहुण्यांची पाठ वळली आणि प्लग परत लागला. वीज बचत संपली!

दोन दिवसांत माझ्यातलं पाणी कोमट लागायला लागलं. "माठ बाद निघाला," हरिओम म्हणाला. "कुंभारानं फसवलं," तृप्ती म्हणाली. बिचाऱ्या कचरूने काय केलं होतं? फ्रीज पुन्हा रात्रंदिवस घरघरू लागला.

द्वारकाबाईला मात्र वस्तू टाकून देणं जमत नाही. घरामागे तिची भाजीची वाफ्याएवढी बाग आहे. भांडी विसळलेलं पाणी बादलीने नेऊन ती बाग तिने जगवलेली. तिथे गवार, मिरच्या आणि मधोमध काटेरी वांग्याची रोपं. या शहरात बियाण्यांच्या कंपन्यांच्या पाट्या रस्त्यारस्त्याला, पण हे बी तिच्या माहेरचं, आईच्या हातचं, चिंधीत बांधून आणलेलं. माहेरी आता ते वांगं कुणी लावत नाही. होतं नव्हतं तेवढं सगळं बी तिने या वर्षी पेरलं. एक वांगं झाडावरच पिवळं होऊ द्यायचं आणि पुढचं बी धरायचं, असं ती रोज त्या रोपांना सांगायची.

तिने मला त्या वांग्यांच्या मध्ये गळ्यापर्यंत पुरलं. असा पुरलेला माठ हळूहळू मुळांना पाणी पाजतो, हे तिला ठाऊक होतं. पण माझ्या अंगावर काय फासलंय, तिकडे तिचं लक्षच गेलं नाही.

तेवढ्यात परतूरला तिच्या भाचीचं, दैवशालाचं, लग्न निघालं. घरातले सगळेच आठ-दहा दिवसांसाठी निघाले. शेजारची इमामबी कुंपणावरून म्हणाली, "बाई, चावी देऊन जा ना. मी टाकते पाणी, त्यात काय!"

"न्हाई गं इमामबी, तुह्याकडं तरी नळ रोज कुठं येतो? माठ हाये ना माहा. काठोकाठ भरून चालले."

माठ हाये ना! तो शब्द अजून माझ्या पोटात टोचतो. तिने मला भरलं, वर फरशीचा तुकडा झाकला आणि निर्धास्त मनाने गेली.

ऊन असं पडलं की माती भेगाळली. वांग्यांची मुळं माझ्या अंगापर्यंत आली, मला चिकटली, चाचपू लागली. आत पाणी, बाहेर मुळं आणि मध्ये ती चमकदार वेल. एक थेंब मला देता आला नाही. पानं लोंबली, वाळली, गळली. इमामबी कुंपणावरून बघायची, हळहळायची. गेटला कुलूप होतं आणि कुंपणावरून हात पुरत नव्हता.

द्वारकाबाई परतली ती पिशवी हातात घेऊनच मागे धावली. करपलेल्या रोपांकडे पाहून तिने माझ्यावरची फरशी उचलली. पाणी काठोकाठ. जसं भरलं तसं.

ती खाली बसली. माझ्या गळ्यावरच्या रंगावर तिने नख ओढलं. "आगं माय," ती पुटपुटली, "म्याच बघत बसले व्हते की."

तृप्ती मागून म्हणाली, "आई, बघा, माठच खराब हाये. कुंभारानं फसवलं." आणि द्वारकाबाई, जिला आता सगळं कळलं होतं, ती गप्प राहिली. सुनेचं मन मोडू नये म्हणून असेल. पण मी खोटा ठरलो, कचरू खोटा ठरला, त्याचं काय?

हरिओमने मला उकरलं, धुतलं आणि नंबर आलेला माठ म्हणून गेटपाशी मांडलं. आत प्लॅस्टिकची फुलं खोचली.

झाडावरचं ते एक सुरकुतलेलं, कच्चंच वाळलेलं वांगं द्वारकाबाईने फोडलं. त्यातलं बी चिंधीत बांधून देव्हाऱ्यामागे ठेवलंय. उगवेल न उगवेल. पण द्वारकाबाई, पेरशील ना, तेव्हा एकदाच माझं ऐक. ही फुलं काढ आणि मला या गेटच्या पायरीवर आपट. माझ्या खापऱ्या त्या मातीत घाल. रंग वरूनच आहे गं. आतून मी अजून कोराच आहे, पाणी धरीन आणि सोडीनही.

आणि जाताना तो दिवा बंद कर.