आप्पांच्या मागावरचा अल्बम

आमचा पहिला अल्बम लावला की आता डाव्या स्पीकरमधून कापड येतं. कोरं, पांढरं, जरा तेलकट वासाचं. गाणं थांबवलं की कापडही थांबतं. पहिल्यांदा मला वाटलं, स्पीकर बिघडला. उघडून पाहिला, तर आत नुसता स्पीकरच होता.

अल्बमचं नाव 'दोन पाळ्या'. रॅप सिद्रामचा, बीट माझे. दहा वर्षांपूर्वी इचलकरंजीत, त्याच्या आईच्या लाकडी कपाटात आम्ही तो रेकॉर्ड केला. साड्या बाहेर काढल्या, गोधड्या आत लावल्या. सिद्राम आत घामाघूम आणि मी दाराला पाठ लावून बसलेली, मांडीवर लॅपटॉप. कपाटामागच्या भिंतीपलीकडे त्याच्या वडिलांचा, आप्पांचा, यंत्रमाग. खट खट, खट खट. माग बंद करा म्हणायची आमची छाती नव्हती. घर त्याच्यावर चालायचं. शेवटी आम्हीच हात टेकले आणि सगळी गाणी मागाच्या लयीत बसवली. पुढे जाणकारांनी लिहिलं, अख्खा अल्बम एकाच लयीत, केवढं हे धाडस! ते वाचून आम्ही पोट धरून हसलो. काय दिवस होते ते. त्या कपाटातला डांबरगोळ्यांचा वास आठवला की अजून मला सगळं टाकून तिकडे जावंसं वाटतं.

आता मुंबईतल्या एका कंपनीला तो अल्बम पुन्हा काढायचा आहे. त्यांचा माणूस फोनवर म्हणाला, "मॅडम, मागे ते काहीतरी खडखडतंय. तेवढं काढून द्या."

"ते काढलं तर उरतं काय?" मी विचारलं.

"गाणं उरतं ना, मॅडम."

हल्ली एका रेकॉर्डिंगमधले आवाज वेगवेगळे करता येतात. मी कामाला बसले आणि कापड यायला लागलं. ते गुडघ्यापर्यंत आलं तेव्हा मी सिद्रामला बोलावून घेतलं. तो आता सुताची दलाली करतो, पोट सुटलंय, त्या कपाटात आज अर्धासुद्धा मावणार नाही. त्यानं कापडाचं टोक उचललं, काठावरून बोट फिरवलं आणि एका गाठीशी थांबला.

"आप्पांचं हाय," तो म्हणाला.

आप्पा जाऊन तीन वर्षं झाली आणि माग त्याआधीच भंगारात गेला. कापड मात्र समोर पडलेलं होतं.

पहिल्या गाण्यातला मागाचा आवाज मी हळूहळू कमी केला. कापड मच्छरदाणीसारखं विरळ झालं. आवाज पूर्ण बंद केला तेव्हा ते तुटून खाली पडलं. मग स्पीकरच्या आतून जेवणाचा डबा उचलल्याचा आवाज आला, चपला घासत गेल्या, बाहेरून कडी लागली. मी आवाज पुन्हा वाढवला. माग आला नाही. त्या गाण्यातली आप्पांची पाळी सुटली होती.

"आता बास," सिद्राम म्हणाला. "त्या कंपनीवाल्याला न्हाई म्हणून सांग."

पण तो उठला नाही. त्याच्या मनात काय चाललंय ते मला ठाऊक होतं. शेवटच्या गाण्याच्या शेवटी आप्पा भिंतीपलीकडून काहीतरी ओरडतात. मागाच्या खडखडाटात शब्द कळत नाहीत. तेव्हा सिद्राम कपाटातून बाहेर येऊन त्यांच्याकडे गेला होता. "आप्पा, काय म्हणालासा?" आप्पा म्हणाले, "काय न्हाई," आणि तुटलेला धागा जोडायला वाकले. त्याच्या गाण्याबद्दल ते पुन्हा कधीच काही बोलले नाहीत. सिद्राम धरून चालला की ते 'बंद कर' म्हणाले. त्यानं दुसरा अल्बम केला नाही. मी विनवण्या केल्या, भांडले, शेवटी नाद सोडला.

"तेवढं एक ऐकव, वैजू," तो म्हणाला.

"आणि आप्पा निघून गेले तर?"

"गेलेलेच हैत की गं."

असं म्हणाला खरा, पण कापडाचं टोक त्यानं मुठीत घट्ट धरलं होतं.

शेवटचं गाणं एकटं लागेना. मधली सगळी गाणी ओळीनं ऐकल्याशिवाय ते सुरूच होत नव्हतं. आम्ही ऐकत राहिलो. कापड कमरेपर्यंत आलं, मग छातीपर्यंत. दारावर त्याचा ढीग झाला आणि दार उघडेनासं झालं. खिडकी झाकली गेली तेव्हा खोलीत कापडातून गाळून आलेला पांढरा उजेड राहिला. सिद्राम एकेका कडव्यावर ओठ हलवत होता. इतक्या आनंदात मी त्याला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

शेवटचं गाणं लागलं. मी माग खाली घेत गेले. कापड विरळ झालं, मग नुसते धागे उरले, मग तेही थांबले. त्या शांततेत आप्पांचा आवाज आला, अगदी स्वच्छ.

"सिद्राम, परत म्हण की रं!"

सिद्राम माझ्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. तेवढ्यात आतून डबा उचलल्याचा आवाज आला.

"म्हण!" मी ओरडले.

त्यानं सुरुवात केली. आवाज घोगरा, दम अपुरा, एक ओळ गाळलीच. पण आतला डबा पुन्हा खाली ठेवला गेला. लय कुठेच नव्हती, म्हणून मी स्पीकरच्या लाकडावर तळहात आपटायला लागले. खट खट, खट खट.

गाणं संपलं की तो पुन्हा पहिल्यापासून धरतो. त्याचा घसा बसलाय. माझा तळहात सुजलाय, खांदा भरून आलाय आणि स्पीकरच्या जाळीतून एक धागा बाहेर आलाय. चपला अजून वाजलेल्या नाहीत.