पापी ओळखणारे दार

गेल्या वर्षी, उन्हाळा सरत आला असताना, एका रविवारी सकाळी, आमच्या अकरा मजली इमारतीच्या तळमजल्यावरील दालनात, लिफ्टसमोर, पन्नासेक सुशिक्षित माणसे हात जोडून उभी होती. त्यांत दोन वकील होते, एक औषधविक्रेता होता, आणि आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालेले एक गृहस्थ सर्वांत पुढे होते.

लिफ्टच्या दारात द्वारसिद्ध उभा होता. ही पदवी लोकांनी दिलेली. एरवी तो आमच्या चेअरमनचा मेहुणा, आणि पूर्वायुष्यात कापडाच्या दुकानातला विक्रेता. गिऱ्हाईक पाहून ठाण उलगडण्याची कला तेवढी त्याने दुकान सोडताना बरोबर आणली होती. दार मिटू लागले. त्याने उजवा तळवा खांद्याइतका उचलला, काहीतरी पुटपुटला, आणि दार त्याला न शिवता मुकाट्याने मागे सरले.

"या दाराला वशिला चालत नाही," तो म्हणाला. "लोखंड आहे ते. पण चुंबक लोखंडालाच कळतो, माणसाला कुठे कळतो?"

या वाक्याचा अर्थ मला आजतागायत लागलेला नाही. गणिताच्या गृहस्थांनी मात्र डोळे पुसले.

त्याचा सिद्धांत असा: निर्मळ माणसाला दार वाट देते, पाप्याला धरते. ज्याला धरले त्याने पुढच्या रविवारी सर्वांदेखत प्रायश्चित्त घ्यावे. कमरेत वाकून, हात जोडून, सावकाश आत जावे. पाप फिटले असेल तर दार सोडील, नसेल तर पुन्हा धरील. बँकेतल्या एका उंच कारकुनाने याची थट्टा केली, तेव्हा त्याला तिथल्या तिथे वाकून जायला सांगण्यात आले. दाराने त्याच्या बरगडीत असा तडाखा दिला की आठवड्याच्या आत तो द्वारसिद्धाचा पट्टशिष्य झाला.

माझ्या आईची पाठ वयाने वाकलेली आहे. दाराने तिला पहिल्यांदा धरले तेव्हा खांदा काळानिळा झाला. प्रायश्चित्ताच्या वेळी, मी परगावी असताना, तिचे मनगट मोडले. त्यावर द्वारसिद्धाने निर्णय दिला की पाप खोल आहे, आजींना आणखी एकदा यावे लागेल.

हाड सांधते. पण आई दिवसभर आपले आयुष्य उसवत बसू लागली. एके दुपारी प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून तिने मला विचारले, "तुझ्या वडिलांच्या शेवटच्या दुखण्यात मी एकदा त्यांच्यावर खेकसले होते. तेच असेल का रे?"

मी तर्कशास्त्र शिकवतो. त्या क्षणी सत्यशोधनाची इच्छा मला झाली, असे लिहिले तर ते असत्य ठरेल. मला त्या माणसाचे मनगट हवे होते.

वाट दाखवली ती माझ्या थोरल्या बहिणीने. ताई हाडांची डॉक्टर आहे, आणि इमारतीतले सगळे पापी शेवटी तिच्याच दवाखान्यात येत. मी तिच्यापुढे तावातावाने बोलत होतो; ती क्ष-किरणाची चित्रे पाहत होती. मध्येच ती म्हणाली की या पाप्यांची एक मौज आहे. दुसऱ्या मजल्यावरची शाळकरी मुलगी, चाकांच्या खुर्चीतले चौथ्या मजल्यावरचे काका, आपली आई, सगळे तिच्या खांद्याच्या खाली येतात.

"आणि तो कारकून? तो तर ताडमाड आहे," मी म्हणालो.

"तो वाकला होता ना," ताई म्हणाली. "सहा फुटी माणूस ताठ उभा राहून पाप करतच नाही वाटतं तुमच्या इमारतीत?"

दुसऱ्या दिवशी दुपारी, दालन रिकामे असताना, मी एक झाडू घेऊन दारापाशी गेलो. खांद्याच्या उंचीवर झाडू आडवा धरला की दार लांबूनच माघारी फिरे. गुडघ्याच्या उंचीवर धरला की थेट येऊन आदळे. मग चौकट न्याहाळली. तीत एकीखाली एक अशा काळ्या काचेच्या दोन टिकल्या होत्या, वाटेत कोणी आहे का ते पाहणारे दाराचे डोळे. वरची बोटाने झाकताच दार उघडले. खालची झाकली, तर त्याला पत्ताच नाही. मग घरातला वजनकाटा फळीला टेकवून दाराच्या वाटेत उभा धरला. लिफ्टचे दार माणसावर साधारण पंधरा किलोच्या भारापेक्षा अधिक जोराने रेटता कामा नये, असा संकेत आहे. आमच्या दाराने काटा चाळिसाच्या पुढे नेला.

म्हणजे प्रायश्चित्ताचा विधी हाच सापळा होता. वाकायला लावायचे, म्हणजे माणूस वरच्या डोळ्याच्या खाली जातो. सावकाश चालायला लावायचे, म्हणजे दाराला मिटायला अवधी मिळतो. पापाचा पुरावा तो मागत नव्हता, तयार करीत होता.

ताईने सुचवले की हे सरळ चेअरमनला सांगावे. मी नकार दिला. अपमान सर्वांदेखत झाला होता, तेव्हा फेडही सर्वांदेखत व्हायला हवी होती.

पुढल्या रविवारी आईला मी स्वतः खाली नेले. काय करायचे ते तिला समजावले होते. तिचा विश्वास बसला नव्हता, तरी माझा हट्ट म्हणून ती आली. वाकून दारात उभी राहिली. दार निघाले. तिने प्लास्टरचा हात डोक्याच्याही वर उचलला, आणि दार तिला न शिवता मागे सरले.

गर्दीत कुजबुज झाली. द्वारसिद्ध चपळ होता. पाप फिटले, असे त्याने लगेच जाहीर केले.

मी त्याचे आभार मानले. एवढी सिद्धी असलेल्या पुरुषाने एकदा चाकांच्या खुर्चीत बसून, आम्ही जोडतो तसे हात जोडून, आत जाऊन दाखवावे, अशी अत्यंत नम्र विनंतीही केली. सिद्धी ही काही गंमत नव्हे, असे तो म्हणाला. तेव्हा चौथ्या मजल्यावरचे काका ताईच्या आधाराने खुर्चीतून उतरून भिंतीशी बाकावर बसले आणि शांतपणे म्हणाले, "महाराज, मी रोज बसतो. तुम्ही एकदा बसा."

पन्नास जोडी डोळ्यांपुढे तो बसला. त्याच्या खांद्याशी उशी बांधावी असे ताईचे मत पडले. माझे पडले नाही. ताईने बांधली. मी खुर्ची सावकाश ढकलली, त्याने शिकवली होती तितकीच सावकाश, आणि उंबऱ्यावर थांबवली.

दार निघाले. द्वारसिद्धाचे जोडलेले हात सुटून खुर्चीच्या दांड्यांना बिलगले आणि तो चौकटीशी उभ्या चेअरमनकडे पाहून ओरडला, "अरे, वरचा डोळा झाक! वरचा डोळा!"

चेअरमन जागचे हलले नाहीत. दार उशीसकट त्याच्या दंडावर आदळले, मागे गेले, आणि पुन्हा येऊन आदळले. मग मी खुर्ची ओढून घेतली. दुसऱ्या तडाख्याआधीही ओढता आली असती.

"कसला डोळा, महाराज?" काकांनी बाकावरून विचारले.

उत्तर चेअरमनना द्यावे लागले. जिन्यातल्या वाऱ्यामुळे दार पुरते मिटत नसे, म्हणून त्यांनीच त्याचा जोर वाढवून घेतला होता. पुढे खालचा डोळा बिघडला आणि दार उघडेच राहू लागले. दुरुस्ती करण्याऐवजी त्या डोळ्याची तार काढून टोके परस्पर जोडून टाकली. वाट मोकळी आहे, असे दाराला कायमचे सांगून ठेवले. मेहुणा त्या वेळी तिथे उभा होता. नवा डोळा बसवू नका, हा सल्लाही त्याचाच.

मी तिथे भाषण केले, ते लांबले. इथे त्याचे सार देतो. यंत्र जेव्हा एखाद्याला इजा करते, तेव्हा त्या माणसाचे चारित्र्य तपासू नका, यंत्र तपासा. ज्यांना मार बसला त्यांच्यात सारखे काय, हे शोधा. एक झाडू पुरतो. आणि जो कोणी तुमच्या दुखापतीलाच तुमच्या दोषाचा पुरावा म्हणतो, त्याला आधी तुमच्या जागी बसवा. गणिताचे गृहस्थ मान खाली घालून ऐकत होते. मी बोलताना त्यांच्याकडेच पाहत होतो.

शेवटी चेअरमन आईपाशी आले. आजी, तुम्ही वडीलधाऱ्या, मोठ्या मनाने याला माफ करा, म्हणजे विषय इथेच मिटेल, असे ते म्हणाले. गर्दीला ते पटल्यासारखे दिसले. द्वारसिद्ध दंड चोळत आईपुढे वाकला.

आईने त्याला नीट पाहून घेतले. मग ती चेअरमनना म्हणाली, "दाराला कळत नव्हतं. याला कळत होतं. दार दुरुस्त करा. याला माफी नाही."