भोकाभोकांची डेअरी

“एवढी भोकं ठेवायची तर भिंत बांधायचा कुटाना कशाला केला म्हन्तो मी! चार बांबू रोवले आस्ते तरी वारा आलाच आस्ता की!”

बाबाजान शेखांची ही कुरकुर छबूबाईंच्या अगदी कानाशी आली, कारण दोघांच्या मधे एका विटेचंच अंतर होतं. बाबाजान गावच्या दूध डेअरीच्या भिंतीला बाहेरून टेकले होते, छबूबाई आतून. भिंत जाळीची. एक वीट, एक भोक, एक वीट, एक भोक, अशी पार छतापर्यंत गेलेली.

“कुनाशी बोलताय भाऊ?” छबूबाईंनी भोकातून विचारलं.

पलीकडे धडपडल्याचा आवाज झाला. “कोन, छबूबाई? भर दुपारी हितं काय करताय?”

“कॅन मोजतीये. तुमी?”

“भिंतीला तडा-बिडा गेलाय का बघाया आल्तो.”

कॅन सकाळीच टेम्पोत चढून काष्टीकडे गेले होते, हे बाबाजानना ठाऊक होतं. तडा बघायला कुणी उशी घेऊन येत नाही, हे छबूबाईंना भोकातून दिसत होतं. दोघांनीही पुढे काही विचारलं नाही.

छबूबाई वाडीच्या दूध संस्थेच्या चेअरमन, बाबाजान संचालक. आणि इमारत बाबाजानच्या लेकीने, अरफाने आखलेली. पुण्यात आर्किटेक्ट होऊन तिने केलेलं हे पहिलंच काम. विटा उघड्या, भिंत मधेच नदीसारखी वळलेली, समोर रुंद पायऱ्या. उद्घाटनाच्या दिवशी छबूबाईंच्या हातात माइक आला आणि माइक हातात आल्यावर माणसाचं जे होतं ते त्यांचं झालं. “पोरीनं बांधलं झ्याक,” त्या म्हणाल्या, “पर प्लास्टर करायचं इसरली जनू!”

मंडप खदखदून हसला. बाबाजान तर उभे राहून म्हणाले, “खरं हाय बाई, पोर अजून कच्ची हाय माजी.” आपल्या लेकराची वाहवा आपण चारचौघांत करायची नसते, असं त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं. झालं! चेअरमनबाईंना पसंत नाही, खुद्द बापाला पसंत नाही, मग आपण कोण, असं म्हणून सगळ्या वाडीने इमारतीला नावं ठेवायला सुरुवात केली. कुणी चाळणी म्हणे, कुणी कबुतरखाना. लंकाबाई ‘भूतबंगला मेला’ म्हणत म्हणत तिच्याच पायऱ्यांवर कुरडया वाळत घाली, कारण तिथे ऊनही मिळे आणि वाराही. पंकजाची सोयरीक तिथल्याच ओट्यावर जमली. पाहुण्यांची गाडी वळणाआड जाताच पंकजाच्या आईने “काय बाई विटांचा ढीग” म्हणून नाक मुरडलं आणि मग तिथेच बसून उरलेले पोहे निवांत खाल्ले.

छबूबाईंचं मात्र सगळ्यात अवघड होऊन बसलं होतं. घरचा स्लॅब उन्हाळ्यात तव्यासारखा तापे, म्हणून एकदा त्या टेकायला म्हणून इथे आल्या आणि मग रोजच येऊ लागल्या. ऊन कललं की जाळीतून उन्हाचे चौकोन फरशीवर उतरत आणि मुंगीच्या चालीने वजनकाट्याकडे सरकत. छबूबाई मनातल्या मनात त्यांची शर्यत लावत. साठी उलटलेली बाई, संस्थेची चेअरमन, आणि उन्हाच्या शर्यती लावते! हे कुणाला सांगायची सोय नव्हती. माइकवर बोललेलं परत कसं घ्यायचं?

अशात दुरुस्तीचा निधी मंजूर होऊन आला. सचिव सुनीलने विचार केला, सगळं गाव ज्या गोष्टीवरून कुरकुरतं ती एकदाची मिटवून टाकू. दोन्ही बाजूंनी प्लास्टर, भोकं बुजवायची, वरून गुलाबी ऑइलपेंट. त्याने ठराव लिहिला आणि त्याखाली, वर्षानुवर्षं प्रत्येक ठरावाखाली लिहीत आला होता तसंच लिहिलं : सूचक छबूबाई, अनुमोदक बाबाजान. पाण्याची टाकी घ्यायची असो की हळदीकुंकवाचा मंडप, नावं हीच. विचारायचं काय त्यात?

छबूबाईंनी तो कागद पाहिला आणि पुन्हा एकदा वाचला. बाबाजानभाऊंनीच सांगितलेलं दिसतंय, त्यांना वाटलं. लेकीच्या कामाला गाव हसतं हे किती दिवस सोसतील बिचारे. तिकडे बाबाजानना वाटलं, छबूबाईंचंच हे. चेअरमन आहेत, त्यांच्या शब्दाबाहेर कसं जायचं?

सभेच्या आदल्या संध्याकाळी, दुधाला रांग लागलेली असताना, छबूबाईंची नात सृष्टी मोबाईल नाचवत आली.

“आजी, आपली डेअरी बातमीत आलीये! जगातल्या नव्या इमारतींच्या बातम्या देतात ना, त्या वेबसाइटवर!”

किटल्या खाली ठेवून सगळे भोवती जमले. सृष्टी वाचून मराठीत सांगू लागली. “ही भिंत वाऱ्याशी संवाद साधते, असं लिहिलंय.”

“संवाद कसला,” लंकाबाई म्हणाली, “रातभर शिट्ट्या मारती.”

“प्लास्टर नाकारण्याचं धैर्य या इमारतीत आहे.”

“आता घ्या! आन आमाला वाटलं शिमीट संपलं.”

हसण्याच्या नादात कुणाची तरी किटली कलंडली. मग सृष्टीने फोटो मोठा केला. भिंतीचं वळण, उन्हाचे चौकोन, आणि त्या वळणाच्या कुशीत उशी घेऊन, तोंड उघडं टाकून गाढ झोपलेले बाबाजान.

“फोटूखाली काय लिवलंय गं?” लंकाबाईने विचारलं.

“‘इमारतीशी एकरूप झालेला ग्रामस्थ.’”

“मी झोपलो न्हवतो!” बाबाजान लाल झाले. “डोळे मिटून वारा कुठनं येतो त्ये तपासत हुतो!”

“घोरून तपासत हुते,” त्यांची बायको बिस्मिल्ला शांतपणे म्हणाली, आणि पुन्हा एकदा हशा उसळला.

खाली लोकांचे अभिप्राय होते. कुठल्या कुठल्या देशांतले लोक वाहवा करत होते. मात्र एकाने वेगळंच विचारलं होतं. सृष्टी वाचून थांबली, मग म्हणाली, “हा म्हणतोय, फोटो सुंदर आहेत. पण गावातल्या लोकांना ही इमारत खरंच आवडते का? की हे फक्त फोटोपुरतंच?”

वजनकाट्यावरचा लाल आकडा लुकलुकत राहिला. शेवटी सुनील म्हणाला, “उद्या ठराव हायच की,” आणि जो तो आपापल्या किटलीकडे वळला.

दुसऱ्या दिवशी सभेला अरफा पुण्याहून आली. पायऱ्यांवर बाया, ओट्यावर पुरुष, आणि जाळीतून येणारा वारा सगळ्यांच्या अंगावरून फिरत होता. सुनीलने ठराव वाचला. ‘भोकं बुजवून’ म्हणताना त्याच्याच कपाळावरचे केस वाऱ्याने उडाले. कागदही फडफडला, तेव्हा त्याने त्यावर पेपरवेट ठेवला.

अरफा उभी राहिली. “इमारत तुमची आहे. प्लास्टर करायचं असेल तर करा, मी मनाला लावून घेणार नाही. पण मला राहुरीकडे एका शाळेचं काम मिळतंय. पोरांना बसायला भिंती कशा करू, हे मला इथूनच कळायला पाहिजे. वेबसाइटवर त्या माणसाने जे विचारलं, तेच मी विचारते. छबूमावशी, अब्बा, कुणीही सांगा. पण खरं सांगा.”

लंकाबाई कुरडईचा काल चिकटलेला तुकडा पायरीवरून नखाने खरवडू लागली. पंकजाच्या आईला एकदम खोकला आला. बाबाजान छताकडे बघत होते. बिस्मिल्ला त्यांना कोपराने ढोसत होती आणि ते दाद देत नव्हते.

“कुनाला काई बोलायचं न्हाई तर,” सुनील घाईने म्हणाला, “सूचकांनी ठराव मांडावा. आत्या?”

छबूबाई उठल्या. इतकी वर्षं ठराव मांडून मांडून तोंडाला सवय झालेली, पण आज जीभ वळेना. त्यांनी उगाचच चष्मा पुसला.

“सुनील, माजं नाव तू कुनाला इचारून लिवलंस?”

“आता... न्हेमीच तुमचं आसतं की आत्या.”

“बाबाजानभाऊ, तुमी म्हनला हुता का ह्याला प्लास्टर करायचं?”

“मी?” बाबाजान ताडकन उभे राहिले. “मला वाटलं तुमीच म्हनलाय!”

“मग म्हनलं कुनी?”

सगळे एकमेकांकडे बघू लागले. प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्याकडे बोट केलं आणि बोटं फिरत फिरत पुन्हा सुनीलवर आली. सुनील म्हणाला, “आहो, सगळेच तर दोन वर्सं म्हनताय!” मग पायऱ्यांवरून असं हसू फुटलं की रस्त्यावरून चाललेल्या उसाच्या ट्रॅक्टरवाल्याने मान वळवली.

पण अरफा हसली नव्हती. ती तशीच उभी होती, हात मागे बांधून, शाळेत निकाल ऐकायला उभी राही तशी. प्लास्टर कुणी म्हटलं नव्हतं, हे कळलं. पण तिने विचारलेलं ते नव्हतंच.

हसू ओसरलं. पुन्हा सगळ्यांना इकडचं तिकडचं काही ना काही दिसू लागलं. कुणीतरी बोलेल म्हणून प्रत्येकजण थांबला होता, आणि छबूबाईंना कळून चुकलं की ही सगळी माणसं आपल्याच एका वाक्यामागे इतके दिवस लपून बसली आहेत. आपणसुद्धा त्यातच. भर सभेत गिळायला शब्द काही गोड नसतात. पण पोरगी उभी होती.

“माइक दे,” त्या म्हणाल्या.

“आत्या, एवढ्यात माइक कशाला? ऐकू येतंय समद्यांना.”

“दे म्हनलं ना. माइकवरच बोलले हुते मी.”

सुनीलने माइक दिला. तो आधी किंचाळला, मग गप्प झाला. छबूबाईंनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा बाबाजानकडे, आणि मग थेट अरफाकडे.

“लिव त्या इचारनाऱ्या बाबाला,” त्या म्हणाल्या, आणि सगळ्या वाडीवर त्यांचा आवाज घुमला, “मला ही डेअरी आवडती. लई आवडती. भोकांसकट.”